पाळीचा खराटा

फार जुन्या काळातली गोष्ट आहे. तेव्हा राज्याला राजा होता, पण तो इतका लांब राहायचा की गावानं त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. गावाला ठाऊक होता तो पाटील, आणि पाटलाचा नगारा.

गाव डोंगराच्या उतारावर होतं. गावाच्या वरच्या अंगाला तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध. बांधाच्या एका टोकाला दगडी सांडवा होता. तळं भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यातून निघून, गावाला वळसा घालून ओढ्याला जायचं. सांडवा मोकळा असला तर गाव निर्धास्त. सांडवा तुंबला तर पाणी बांधावर चढणार, बांध खचणार आणि सगळं तळं खालच्या आळीत शिरणार. हे गावातल्या लहान पोरालाही समजत होतं.

म्हणून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. सांडव्यात रोज पाला अडकायचा, काटक्या अडकायच्या. तो कचरा रोज एका घरानं काढायचा. त्यासाठी गावाचा एक लांब दांड्याचा खराटा होता. दांड्याच्या एका टोकाला खराटा, दुसऱ्या टोकाला लोखंडी आकडी. ज्या घराचं काम झालं, त्यानं तो खराटा पुढच्या घराच्या दाराशी टेकवून ठेवायचा. सकाळी दार उघडलं आणि खराटा दिसला की समजायचं, आज पाळी आपली. त्यात बोलावणं नव्हतं आणि मानपानही नव्हता.

खराटा पाटलाच्या दारातही यायचा. पण यमाजी पाटलानं तो कधी हातात धरला नाही. घरची पाळी त्याची आत्या करायची. भिवराआत्या लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परतली होती. आई गेल्यावर यमाजीला तिनंच लहानाचा मोठा केला होता. तिच्या तोंडाला धार होती आणि हाताला काम नसलं की तिला चैन पडायचं नाही.

गावाची आणखी एक रीत होती, आणि तिच्यात मात्र मानपान भरपूर होता. पश्चिमेला काळा ढग दिसला की नगारा वाजायचा. मग सगळ्या गावानं घरातली तांब्यापितळेची भांडी घेऊन टेकडीच्या माथ्यावर जायचं आणि ती बडवून ढगाला परतवायचं. याला म्हणायचे गजर. पाटलाच्या बापाच्या काळात एकदा गजर चालू असताना ढग खरोखरच वळून गेला होता. ढगाला वाऱ्यानं वळवलं, नाव नगाऱ्याचं झालं. तेव्हापासून नगाऱ्याला एक मानकरी नेमला होता, त्याला बसल्या जागी धान्य मिळायचं, आणि सांडव्याचं नाव कुणी काढेनासं झालं.

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. म्हशी वैरणीला तोंड लावत नव्हत्या. पश्चिमेचं आभाळ कळकलेल्या भांड्यासारखं हिरवं पडलं होतं. भिवराआत्यानं दार उघडलं, तर दाराशी खराटा उभा.

तिनं पदर खोचला आणि खराट्याला हात घातला, तेवढ्यात नगारा वाजला. पाटील फेटा बांधत बाहेर आला. त्याच्यामागे मानकरी होता आणि अंगणात अर्धं गाव जमलं होतं. कुणाच्या डोक्यावर परात होती, कुणाच्या काखेत कळशी.

"आत्या, ते ठेव खाली. आपलं घंगाळ कुठंय?" पाटलानं विचारलं.

"न्हाणीत आहे. पाणी भरून ठेवलंय त्यात. वादळात विहिरीवर कोण जाणार?"

"ओतून दे."

"प्यायचं पाणी ओतून देऊ?"

"भरलेलं भांडं वाजत नाही!" पाटील ओरडला.

गड्यानं घंगाळ उपडं केलं. पाणी न्हाणीच्या मोरीतून वाहून गेलं. भिवराआत्या ते जाताना बघत राहिली.

"यमा, आज पाळी आपली आहे," ती म्हणाली. "सांडवा बघायला हवा."

"गावावर आभाळ कोसळायला आलंय आणि तुला पाला सुचतोय?"

अंगणात हशा पिकला. आत्यानं हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही.

"आभाळ कोसळणारच असेल, तर त्याला वाहून जायला वाट नको?"

मानकरी पुढे झाला. "पाटील, हे चांगलं नाही. गजरात एक माणूस जरी कमी पडलं, तरी फट राहते. ढग त्याच फटीतून आत शिरतो."

"मग मागच्या साली गारा पडल्या, तेव्हा कुठली फट होती?" आत्यानं विचारलं. "सगळे तर वरच होतात की."

"कुणाच्या तरी मनात असेल," मानकरी म्हणाला.

काय सोय होती बघा! ढग वळला तर तो गजरानं वळवला. ढग आला तर कुणीतरी फट ठेवली. असा न्याय असला की नगारा कधीच हरत नाही, हरतं ते एखादं गरीब घर. मागच्या साली ती फट एका आजारी विणकराच्या झोपडीत सापडली होती. अंगात ताप होता म्हणून तो टेकडी चढला नव्हता. गावानं त्याचा माग उचलून वेशीबाहेर ठेवला आणि माणसालाही मागोमाग घालवून दिलं. पिकं गारांनी झोपवली आणि शिक्षा विणकरानं भोगली. याला गावात कुणी अन्याय म्हटलं नाही. याला परंपरा म्हटलं.

"ऐकलंस ना?" पाटील म्हणाला. "गजराला आली नाहीस आणि वादळ आलं, तर दोष तुझ्यावर येईल. मग आत्या म्हणून मला आड येता येणार नाही."

"नको येऊस आड. सांडव्यावर ये."

पाटलाचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांदेखत! त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. "गजराला यायचं नाही, तर घरातही बसायचं नाही."

नगारा बैलाच्या पाठीवर चढला. त्याच्यामागे सगळं गाव भांडी वाजवत टेकडीकडे निघालं. कुणाच्या छपरावर दगड ठेवायचे राहिले होते, कुणाची वैरण उघड्यावर होती, कुणाचा निखारा राखेनं झाकायचा राहिला होता. रोजची कामं रोजच करायची असतात, त्यात काय मोठेपणा? त्या दिवशी सगळ्यांना मोठं काम करायचं होतं.

अंगणात भिवराआत्या एकटी उरली. ती शूर होती असं कुणी समजू नये. तिचे हात कापत होते. लहानपणी तिनं वीज पडून जळालेलं झाड पाहिलं होतं, ते तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पण तिला एक माहीत होतं. घाबरलेलं मन मोकळं सोडलं की उधळतं. त्याला कामाला जुंपावं लागतं.

तिनं आधी गोठ्यातल्या म्हशीची धार काढली. चरवी टेकडीवर गेली होती, म्हणून मडक्यात काढली. मडकं वाजत नाही, म्हणून गावात मडकी तेवढी उरली होती. मग म्हशीचं दावं सोडून तिला उंचावरच्या माळात हाकललं. शेजारच्या दोन छपरांवर हाताला लागतील ते दगड चढवले. जाता जाता विहिरीचा दोर सोडून खांद्यावर टाकला. एकेक काम होत गेलं तसा हातांचा कापरा थांबत गेला. मग खराटा आणि मडकं घेऊन ती खालच्या आळीत उतरली.

खालच्या आळीत तुळसा राहायची. ती एका पायानं लंगडी होती आणि तिची सून रखमा नुकतीच बाळंत झाली होती. तुळसाचा मुलगा सगळ्या घराची भांडी घेऊन गजराला गेला होता. पाय अधू असलेल्यांना आणि बाळंतिणींना गजर माफ होता. म्हणजे त्यांना मागे टाकून जायला गाव मोकळं होतं.

तुळसा आणि भिवराआत्या यांचं एका कोंबडीवरून जुनं वैर होतं. तरी आत्यानं उंबऱ्यातूनच हाक मारली.

"तुळसे, चूल पेटलीय का?"

"जग बुडायला आलंय आणि ही बया चूल विचारतेय!"

"जग बुडेपर्यंत बाळंतिणीनं उपाशी राहायचं का? हे दूध तापव. लाकडं आत घे. निखारा राखेखाली झाक."

तुळसा बडबडत उठली, पण उठली. दूध चुलीवर चढलं. मग तिचं लक्ष खराट्याकडे गेलं. "म्हणजे तू गजराला गेली नाहीस? अगं, तुला गावाबाहेर काढतील."

"गावाबाहेर काढायला आधी गाव तर राहू दे," आत्या म्हणाली. "रखमाला वर आमच्या घरी नेणार होते. जोतं उंच आहे. पण माझ्या शहाण्या भाच्यानं कुलूप घातलंय. आता एकच उपाय. सांडवा मोकळा राहिला पाहिजे. चल माझ्याबरोबर."

"माझा पाय हा असा!"

"पाय राहू दे. हात आण."

आत्यानं रखमाला माळ्याची शिडी लावून दिली. "दूध पिऊन घे. बाळाला कोरड्यात गुंडाळ. पाणी उंबऱ्याला लागलं तर हाका मारत बसू नकोस, सरळ माळ्यावर चढ." रखमानं मान हलवली. ती रडायच्या बेतात होती, पण दुधावर लक्ष ठेवायचं काम होतं, त्यामुळे रडायचं राहून गेलं.

दोघी सांडव्याशी पोचल्या तेव्हा पाऊस सुरू झाला. बघता बघता समोरचा डोंगर दिसेनासा झाला. आत्यानं दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला. तुळसा बुंध्याशी फतकल मारून बसली आणि दोर हाताला गुंडाळून धरला. आत्या पाण्यात उतरली नाही. काठावर उभी राहून ती लांब दांड्यानं पाला ओढत राहिली. पाला आला की ओढायचा, काटकी आली की ओढायची. रोज करायची तसंच.

टेकडीवरून भांड्यांचा आवाज येत होता.

"वाजवतायत मेले," तुळसा म्हणाली. "त्यात माझी परात आहे. पोचे काढायचे कुणी?"

मग मोठा वारा आला. उंबराची एक अख्खी फांदी तळ्यात पडली, फिरत फिरत आली आणि सांडव्याच्या तोंडात आडवी अडकली. तिच्यावर पाला साचला, कुणाच्यातरी छपराचं गवत साचलं. पाणी तुंबलं. आत्यानं आकडी घातली आणि जीव खाऊन ओढलं. फांदी जागची हलली नाही. पाणी बोटाबोटानं बांधावर चढू लागलं.

त्याच वेळी डोळे दिपले आणि कानठळ्या बसल्या. टेकडीच्या माथ्यावर वीज पडली होती. तिथं एकच उंच झाड होतं, सावरीचं. ते उभं चिरलं गेलं. झाडाखाली बांधलेला बैल मेला. उंच माळावर, एकमेव झाडाजवळ, हातात धातू घेऊन सगळं गाव उभं करणाऱ्या शहाण्यांना काही झालं नाही. त्यांचा नगारा मुकाट्यानं वर वाहून नेणारा तेवढा गेला. त्यानं कुणाचं काय वाईट केलं होतं?

गजर थांबला. माणसं वाट फुटेल तशी खाली पळत सुटली. उतरायची वाट बांधावरूनच होती. सगळ्यांत पुढे मानकरी होता. त्याला सांडव्याशी भिवराआत्या दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला.

"ही बघा फट!" तो ओरडला. "हिच्यामुळे वीज पडली! हिच्यामुळे!"

गर्दी थबकली. पाटील धापा टाकत पुढे आला. फेटा सुटून गळ्यात आला होता. "आत्या, काय केलंस हे? सांगितलं होतं मी तुला..."

आत्यानं मागे वळून बघितलं नाही. "दोष नंतर दे, यमा. तो काही वाहून जात नाही. आधी दोर धर."

पाटील जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या पायांजवळ बांधावरून पाण्याची पहिली धार पलीकडे उतरली आणि तिनं मातीत बोटभर चर पाडला. एवढे लोक बघत होते. कुणीही हललं नाही. सगळे पाटलाच्या तोंडाकडे बघत होते आणि पाटील मानकऱ्याच्या.

तेव्हा बाभळीच्या बुंध्यापासून तुळसा ओरडली. आवाज असा, की पावसाच्या वर ऐकू गेला.

"अरे मेल्या, तुझं लेकरू खाली आहे! ती परात टाक!"

तिच्या मुलानं हातातल्या परातीकडे असं बघितलं, जणू ती कुणी त्याच्या हातात दिली हेच त्याला आठवत नव्हतं. परात बांधावर पडली. दोन उड्यांत तो सांडव्याशी आला. आत्यानं कमरेचा दोर सोडून त्याच्या हातात दिला आणि आकडीनं फांदी काठाजवळ दाबून धरली. त्यानं दोराचा फास फांदीला घातला. मग एक कळशी पडली, एक घागर पडली. रिकाम्या झालेल्या हातांनी दोर धरला.

"हळू! एकदम नको. माझ्याबरोबर ओढा," आत्या म्हणाली. तिचा आवाज धार काढताना म्हशीशी बोलायची तसा होता. "ओढा. थांबा. परत ओढा."

फांदी करकरली, कलली आणि एकदम सुटून काठावर आली. पाणी गर्जत सांडव्यात घुसलं आणि ओढ्याला लागलं. बांधावरची धार बारीक झाली. मग थांबली.

पाऊस ओसरला तेव्हा गावात जेमतेम दोन-चार छपरं शाबूत होती, त्यांत आत्यानं दगड ठेवलेली दोन. सगळ्या चुली विझल्या होत्या, लाकडं भिजली होती. विस्तव होता फक्त तुळसाच्या घरी, राखेखाली. सगळं गाव आपापलं मडकं घेऊन तिच्या दाराशी रांगेत उभं राहिलं. ती प्रत्येकाला निखारा देत होती आणि प्रत्येकाला एक शिवी देत होती. पाटलाच्या घराची कौलं उडाली होती, धान्य भिजलं होतं. दारावरचं कुलूप मात्र जागच्या जागी होतं.

आता तरी शहाणपण यावं की नाही? दुसऱ्या दिवशी चावडीवर सभा भरली. मध्ये नगारा ठेवला होता, त्याला हार घातला होता. मानकरी उभा राहिला आणि म्हणाला, "गजरानं गाव वाचलं. वीज गावावर यायची ती गजरानं टेकडीवर घेतली. पण फट राहिली, म्हणून बैल गेला. ज्यानं फट ठेवली, त्याला रीतीप्रमाणे..."

ज्यांनी आदल्या दिवशी दोर ओढला होता, ते खाली माना घालून बसले होते. दोराचे वळ अजून त्यांच्या तळहातांवर होते. काल जीव वाचवणारी बाई आज शिक्षेला उभी केली जात होती आणि गाव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होतं!

भिवराआत्या सभेत आली. तिच्या हातात खराटा होता. तो तिनं पाटलासमोर, नगाऱ्याला टेकवून ठेवला.

"शिक्षा काय द्यायची ती द्या," ती म्हणाली. "पण वीज, वारा, बैल, सगळ्याची जबाबदारी माझी म्हणता, तर पाला कुणाचा तेही सांगा. काल पाळी पाटलाच्या घरची होती. घर पाटलाचं, आणि त्या घरातून मला बाहेर काढलंय. म्हणजे मी केलेली पाळी त्या घराची धरता येत नाही. पाटलाची पाळी अजून व्हायची आहे, म्हणून खराटा मी पुढच्या दारात ठेवला नाही. सांडव्यात रात्रीचा कचरा तसाच पडलाय."

पाटील काही बोलणार, तोच पश्चिमेला गडगडलं. सगळ्यांच्या माना वळल्या. पुन्हा तोच हिरवा रंग.

मानकऱ्यानं झटकन टिपरू उचललं. "चला! भांडी घ्या!"

कुणी उठेना. मग तुळसाचा मुलगा उठला. "मी छपरावर दगड ठेवून येतो," तो म्हणाला आणि चालू लागला. एक म्हातारा उठला, "मला पाणी भरून ठेवायचंय." एक बाई उठली, "माझी वैरण बाहेर आहे." कुणी भांडलं नाही, कुणी नगाऱ्याला लाथ मारली नाही. एकेक जण उठला आणि आपापल्या कामाला गेला.

मानकऱ्यानं जोर करून टिपरू हाणलं. कातडं आदल्या दिवशी भिजून सैल पडलं होतं. ओल्या घोंगडीवर काठी मारावी तसा आवाज आला.

पाटील एकटा उभा राहिला. समोर नगारा होता आणि नगाऱ्याला टेकलेला खराटा. मग त्यानं खराटा उचलला.

"उलटा धरलायस," भिवराआत्या म्हणाली. "आकडी पुढे. आणि कमरेला दोर बांध."

तो ढग त्या दिवशी मनसोक्त बरसला. बांधाला ओरखडाही आला नाही. पुढच्या आठवड्यात गावानं माणसं पाठवून विणकराला परत आणलं, त्याचा माग स्वतःच्या खांद्यावरून आणला. नगाऱ्याचं सैल पडलेलं कातडं काढून टाकलं आणि त्याच्या तांब्याच्या खोल घमेल्यातून बांधावर माती वाहिली. मानकऱ्याच्या दारातही खराटा येऊ लागला.

ऐकणाऱ्यांनी मनात धरावं ते एवढंच: वादळाला आरडाओरडा करून कुणी परतवत नाही, शांतपणे आपलं रोजचं काम करणाराच त्यातून गाव तारून नेतो.